तारतम्यचक्र

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचें सारें आयुष्य गेलें, त्यानें मोटारीच्या पोटांतील चक्रांविषयीं लिहावयास बसावें हें माझ्या विद्यार्थ्यांना मोठें गमतीचें वाटेल. गाडीचा आणि माझा संबंध आजवर किल्ली फिरविण्यापुरता व डिझेलचे पैसे मोजण्यापुरता होता. घरांतील मंडळींच्या मतें तेवढाहि नसता तर बरें झालें असतें. परंतु २०२४ च्या आषाढांत मला चार दिवस एका मिस्त्रीच्या गॅरेजमध्यें उपड्या डब्यावर बसून काढावे लागले, आणि त्या चार दिवसांत जें माझ्या पदरांत पडलें तें कोणत्याहि ग्रंथानें मला दिलें नव्हतें.

गाडी जीपच्या जातीची आहे. उंच, जाड टायरांची, चारी चाकांना जोर लावतां येणारी. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून ती मीं वापरलेली घेतली. पुण्यासारख्या शहरांत प्राध्यापकाला असली गाडी कशाला, असें सहकारी विचारीत. मी त्यांना सांगत असें कीं श्रीवर्धन तालुक्यांत आमचें वडिलोपार्जित घर आणि सुपारीची वाडी आहे, व तेथल्या रस्त्याचा शेवटचा तुकडा साध्या गाडीला झेपत नाहीं. उत्तर खरें होतें. त्या तुकड्यावर मी वर्षांतून किती वेळां जातों हें कोणी विचारलें नाहीं, म्हणून मीं सांगितलेंहि नाहीं.

त्या दिवशीं मी निघालों तो वाटणीचे कागद बरोबर घेऊन. वडिलांच्या मागें वाडी आम्हां दोघां भावांच्या नांवें झाली. धाकटा तेथेंच राहून ती पाहतो. मी पुण्यांत असतों. मुंबईच्या एका गृहस्थांना समुद्राजवळ जागा हवी होती व माझा हिस्सा त्यांच्या पसंतीस उतरला होता. मीं धाकट्याला तसें कळविलें, तेव्हां त्याचें उत्तर एका ओळीचें आलें : "दादा, तुला योग्य वाटेल तें कर." तें वाचून मला समाधान वाटलें. भावाभावांचे कज्जे कोर्टांत पिढ्यान् पिढ्या चालतात. आमच्यांत कधीं एका शब्दाचाहि खटका उडाला नव्हता, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता.

ताम्हिणीचा घाट धुक्यांत उतरलों. माणगांव गेलें, म्हसळें गेलें. गांवाकडे वळणाऱ्या कच्च्या वाटेवर पावसानें एक मोरी वाहून नेली होती. मोठ्या धीरानें मीं गाडी त्या खांचेंत घातली. पुढचें डावें आणि मागचें उजवें अशीं कोनाकोनीचीं दोन चाकें अधांतरीं आलीं, आणि उरलेलीं दोन पक्क्या जांभ्यावर टेकलेलीं असूनहि गाडी जागची हलेना. आडमुठ्या माणसाला सुचतो तो उपाय मीं केला. ॲक्सिलरेटर दाबून धरला. अधांतरीं असलेलें मागचें चाक भिंगरीसारखें फिरूं लागलें. गाडी किंचित् घसरली, तें फिरतें चाक एकदम खडकावर टेकलें, आणि हाड मोडावें तसा आवाज झाला.

फोन केल्यावर अर्ध्या तासांत धाकटा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घेऊन आला. नखशिखांत भिजला होता. साखळी बांधतांना तो इतकेंच म्हणाला, "तूं आंत बस, दादा. उगाच भिजशील." त्यानें मला दोष दिला नाहीं, कीं चेष्टाहि केली नाहीं. ती शांतता मला त्या दिवशीं प्रथमच थोडी खटकली.

दुसऱ्या दिवशीं गाडी हळूहळू ओढत म्हसळ्यास नेली. तेथले मिस्त्री साठीचे, पांढऱ्या दाढीचे. वीस वर्षें आखातांत वाळवंटांतल्या गाड्या दुरुस्त करून गांवीं परतलेले. त्यांनीं गाडीचा मागचा भाग उचलून टेकूंवर ठेवला, गिअर सोडविला आणि मला बोलाविलें. "साहेब, मी हें चाक पुढें फिरवतों. तुम्ही पलीकडच्या चाकावर नजर ठेवा." त्यांनीं डावें चाक पुढें फिरविलें. उजवें चाक मागें फिरलें! मध्येंच कोठें तरी 'कट्' असें अडखळे आणि पुन्हां फिरे. "एक पुढें गेलें कीं दुसरें मागें," मिस्त्री म्हणाले. "ह्या गाडीला असं चालणार नाय. दोघांनीं एका दिशेनं फिरायला पायजे."

त्यांनीं तळाचा स्क्रू काढला. काळें तेल धारेनें खालीं आलें. त्यांत चांदीच्या वर्खासारखी भुकटी चमकत होती. चुंबक फिरवतांच त्याला पोलादी दांताचा नखाएवढा तुकडा चिकटून आला.

या यंत्राला इंग्रजींत डिफरन्शिअल म्हणतात. त्याला मराठी नांव काय द्यावें याचा मीं त्या डब्यावर बसून पुष्कळ विचार केला, आणि 'तारतम्यचक्र' हें नांव मला सुचलें. वाचकांस तें जड वाटल्यास त्यांनीं तें सोडून द्यावें; परंतु यंत्राचें काम मात्र त्या नांवांत नेमकें उतरतें. गाडी वळते तेव्हां बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक वाट चालावी लागते. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलें, तर अर्धें वर्तुळ फिरतांना हा फरक सुमारें पावणेपांच मीटरांचा पडतो. मग वर्तुळ लहान असो वा मोठें. आपल्या बैलगाडीला याची फिकीर नसते, कारण तिचीं चाकें आंसावर सुटीं फिरतात व ओढण्याचें काम बैल करतात. ओढण्याचें काम जेव्हां चाकांवरच येतें, तेव्हां अडचण उभी राहते. दोन्ही चाकें एका दांड्याला घट्ट जखडलीं तर वळणावर एक फरफटत जाईल, आणि सुटीं ठेवलीं तर त्यांना जोर कसा लावावयाचा?

ओनेसिफोर पेकर नांवाच्या फ्रेंच यंत्रज्ञानें १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं याचें उत्तर काढलें. पुढें १८७७ मध्यें इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जेम्स स्टार्ली यानें तेंच तत्त्व पायगाडीला लावलें. त्याची एक गोष्ट सांगतात. बापलेक शेजारीं शेजारीं बसून एक पायगाडी चालवीत होते. दोघांचीं चाकें निरनिराळीं. मुलगा तरुण, त्याचे पाय जोरांत चालले, बापाचे मागें पडले, आणि गाडी भलतीकडे वळून रस्त्याबाहेर गेली. कमी-अधिक बळाच्या दोघांना एका गाडींत बसवावें कसें, हा प्रश्न घेऊन बाप घरीं आला व त्यानें तारतम्यचक्र बसविलें. गोष्टीला लोकांनीं मीठमसाला लावला असेल; पण अडचण तीच होती.

मात्र या चक्राच्या न्यायांत एक खोट आहे. तें दोन्ही चाकांना नेहमीं सारखाच जोर देतें. ऐकावयास हें फार चांगलें वाटतें. पण एक चाक चिखलांत गेलें कीं त्याला विरोधच नसल्यामुळें तें नुसतें गरगरतें. तें जेवढा जोर घेऊं शकतें तो जवळजवळ शून्य, आणि समान वांटणीच्या नियमानें दुसऱ्या, पक्क्या जमिनीवरच्या चाकालाहि तेवढाच शून्य मिळतो! ज्याच्या पायाखालीं खडक आहे तोहि स्वस्थ उभा राहतो. पहिल्याला ओढून काढण्याचें बळ त्याच्या जागेंत असतें, परंतु तें वापरण्याची सोय यंत्रांत नसते.

यावर उपाय निघाला तो मर्यादेचा. १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींतील शर्यतीच्या गाड्यांना तो लाभला व पुढें तो चिखलवाटेच्या गाड्यांतहि आला. चक्राच्या दोन्ही अंगांना पातळ पोलादी चकत्यांची एकेक चळत बसवितात. त्यांतील एकाआड एक चकती चाकाच्या दांड्याशीं बांधलेली आणि मधल्या चकत्या घराशीं बांधलेल्या. वळणावर त्या एकमेकींवर घासत सरकतात, म्हणून चाकांना आपापल्या गतीची मोकळीक राहते. पण एक चाक बेफाम फिरूं लागलें कीं तेंच घर्षण त्याला आवरतें आणि जोराचा कांहीं भाग पक्क्या चाकाकडे वळवितें. स्वातंत्र्य आहे, पण कुरकुर सोसून.

माझ्या गाडींत हें सारें होतें. मग तें गेलें कसें? मिस्त्रींनीं चकत्या एका फडक्यावर मांडल्या. ज्यांवर खरखरीत अस्तर असावयाचें, त्या आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. ते उठले आणि मागच्या टायरांकडे बोट दाखवून म्हणाले, "हा नवा, हा जुना. कोणी बसवला?"

मींच बसविला होता. दोन वर्षांपूर्वीं एक टायर कापला गेला, तेव्हां दुकानदारानें दोन्ही बदला म्हणून सांगितलें होतें. काटकसर म्हणून मीं एकच बदलला. नवा आणि झिजलेला यांच्या व्यासांत फार तर बारा मिलीमीटरांचा फरक. पण मिस्त्रींच्या सांगण्यावरून मीं कागदावर हिशेब केला, तेव्हां लहान चाकाला दर किलोमीटरमागें सात-साडेसात फेरे अधिक पडतात असें दिसलें. म्हणजे सरळ, कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावरसुद्धां त्या चकत्या दोन वर्षें अखंड घासत होत्या. "साहेब, ह्या एका दिवसांत नाय गेल्या," मिस्त्री म्हणाले. "सरळ रस्त्यावर कळत नाय. गाडी अगदी मऊ चालते. उलट बरी वाटते. चिखलांत गेल्यावर कळतं."

गाडी मऊ चालते. उलट बरी वाटते! त्या वाक्यापाशीं मी थबकलों.

आमच्या घरांतल्या चकत्या म्हणजे आमची आई. दर रविवारीं संध्याकाळीं तिचा फोन यावयाचा. "अरे, त्याच्या सुपारीवर यंदा रोग पडलाय, तूं विचारलंस का?" असें मला, आणि "दादाला नारळ पाठव, त्याला बाजारचे आवडत नाहींत," असें त्याला. मला परीक्षेचे पेपर तपासावयाचे असत, त्याला वाडी शिंपावयाची असे. दोघेहि तिच्यावर कावत असूं. त्याच्यावर रागावावयाचें तें ती माझ्याजवळ बोले आणि माझ्यावरचें त्याच्याजवळ. मग आम्ही एकमेकांना फोन करून भांडत असूं, आणि भांडतां भांडतां एकमेकांची ख्यालीखुशाली आम्हांस कळे. २०१९ च्या मार्गशीर्षांत ती गेली. तेव्हांपासून घर अगदी मऊ चालूं लागलें. कोणी कोणाच्या आड येत नव्हतें. याचेंच नांव सलोखा असें मी समजत होतों.

आणि ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. धाकट्याच्या वाडींतील सुपारीचीं झाडें त्या एका दिवसांत आडवीं झालीं. नवें रोप लावलें तर त्याला फळ धरावयास सहा-सात वर्षें तरी लागतात. मीं ताबडतोब पैसे पाठविले आणि "आणखी कांहीं लागलें तर कळव," असेंहि म्हणालों. प्रवासावर तेव्हां निर्बंध होते. ते पुढें उठले, तरी मी गेलों नाहीं. त्यानें कांहीं मागितलें नाहीं, म्हणून त्याला कांहीं नको असेल असें मीं धरून चाललों. माझ्या पायाखालीं पक्का खडक होता, आणि मी त्यावर मोठ्या सभ्यपणानें स्वस्थ उभा होतों.

तिसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं हिशेब सांगितला. नवें मर्यादित चक्र मुंबईहून मागवावें लागणार होतें व त्याची किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले. "साधं टाकूं का?" ते म्हणाले. "निम्म्याहून कमी पैशांत होईल. पुण्याच्या रस्त्यावर फरक पडणार नाय."

"साधेंच टाका," मी म्हणालों.

"नको," धाकटा म्हणाला. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच मध्यें बोलला होता. "होतं तसंच बसवा. पैसे मी देतों. गाडी माझ्या वाटेवर मोडली आहे."

"तूं कशाला देतोस? वाडी उभी रहायला अजून तीन वर्षें आहेत," मी म्हणालों.

"हें तुला ठाऊक आहे तर!" त्याचा आवाज चढला. गॅरेजमधलीं पोरें हातांतलें काम थांबवून पाहूं लागलीं. "चार वर्षांमागें तूं पैसे पाठवलेस, दादा. पैसे परत करीन मी. पण माणूस नाहीं पाठवलास. तीनशें झाडं आडवीं पडलीं होतीं, आणि मी एकटा त्यांच्यांत उभा होतों. तुझा फोन आला, तूं विचारलंस, 'किती पाठवूं?'"

मला उत्तर देतां आलें नाहीं. इतकीं वर्षें वर्गांत शब्दांचा व्यापार केला, पण त्या वेळीं एकहि शब्द हाताशीं आला नाहीं. थोड्या वेळानें मी मिस्त्रींना म्हणालों, "होतें तसेंच मागवा." पैशांवरून मात्र आमचें पुढेंहि बराच वेळ भांडण चाललें. शेवटीं मिस्त्रींनींच दोघांकडून निम्मे निम्मे घेतले.

चौथ्या दिवशीं चक्र आलें. तें बसविण्याचें काम मीं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलें आणि एवढें सांगतों कीं संपादकाला प्रुफें तपासावयास इतका धीर लागत नसेल. जुन्या घरावरचें मोठें दांतेरी चक्र, ज्याला हे लोक क्राउन म्हणतात, तें सोडवून नव्यावर चढविलें. त्याचे बोल्ट समोरासमोरचे घेत क्रमानें आंवळले. बेअरिंगवरच्या टोप्यांवर आधींच डाव्या-उजव्याच्या खुणा केल्या होत्या, कारण इकडची टोपी तिकडे चालत नाहीं. मग क्राउन आणि पिनियन यांच्या दांतांमध्यें किती खेळ राहतो हें मापावयाचें. तो मिलीमीटरच्या सुमारें पांचव्या-सहाव्या भागाएवढा असावा. कमी पडला तर दांत तापून एकमेकांना खातात, अधिक झाला तर आपटून तुटतात. कागदासारख्या पातळ चकत्या एका बाजूच्या काढून दुसरीकडे घालावयाच्या, पुन्हां घट्ट करावयाचें, पुन्हां मापावयाचें. सहा वेळां त्यांनीं तें केलें.

मग मिस्त्रींनीं एका डबींतून शेंदूर काढला व तेलांत कालविला. आखातांत यासाठीं तयार निळा लेप मिळे, पण आपल्या उस्तादांनीं शेंदरावरच शिकविलें, असें ते म्हणाले. क्राउनच्या चार दांतांना तो शेंदूर माखून त्यांनीं चक्र हातानें फिरविलें. जेथें दांताला दांत भिडला तेथला शेंदूर पुसला गेला आणि लंबवर्तुळाकार खूण उठली. ती दांताच्या मधोमध हवी. टोंकाला नको, बुडाशीं नको. पहिल्यांदा ती टोंकाकडे पडली. तिसऱ्या खेपेस मध्यावर आली, तेव्हां ते समाधानानें "हां!" म्हणाले. दोघांनीं एकमेकांना भिडावें कोठें, हें पाहण्यासाठींसुद्धां मनुष्यानें शेंदूरच वापरावा, याची मला गंमत वाटली.

झांकण लागलें, नवें तेल भरलें. या चकत्यांसाठीं तेलांत एक निराळें औषधहि मिसळावें लागतें. तें नसलें तर त्या अडखळत सरकतात. मग मिस्त्रींनीं पुन्हां डावें चाक पुढें फिरविलें. उजवें चाकहि सावकाश पुढेंच फिरलें.

"आतां मैदानांत जाऊन आठाचे फेरे काढा," ते म्हणाले. "दहा-बारा. हळू. तेल चकत्यांत मुरायला पायजे. आणि साहेब, इंग्लिश आठ काढा, मराठी नको."

शेजारच्या मोकळ्या मैदानांत आम्ही दोघे गाडी घेऊन गेलों. पाऊस उघडला होता. मी चालवीत होतों, धाकटा शेजारीं. वळणावर मागून बारीक कुरकुर ऐकूं येई. मला धास्ती वाटली. पण मिस्त्रींनीं आधींच सांगून ठेवलें होतें कीं पहिले कांहीं फेरे ती थोडी कुरकुरेल, तेल मुरलें कीं बसेल. अगदीच आवाज नसला आणि एक चाक मोकळें फिरलें, तरच परत या.

तिसऱ्या आठाच्या मध्यावर धाकटा म्हणाला, "दादा, विहिरीच्या अलीकडची जागा मी तुला विकूं देणार नाहीं."

"ती माझ्या नांवावर आहे," मी म्हणालों.

"असूं दे. नवीं रोपं मीं तिथंच लावलीं आहेत. पाणी तिथलंच पोंचतं."

"मग पत्रांत हें कां नाहीं लिहिलंस? 'योग्य वाटेल तें कर' म्हणे!"

"तूं विचारलंस कुठं? तूं कळवलंस!"

पुढचे सगळे आठ आम्ही भांडत काढले. दहा-बारांचे अठरा झाले, तेव्हां फाटकाशीं उभे राहून मिस्त्री दोन्ही हात हलवूं लागले. 

वाटणीचे कागद मीं तसेच परत आणले. जागेचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. माझी पैशाची अडचण खरी आहे, आणि त्याच्या रोपांना फळ धरावयास अवकाश आहे, हेंहि खरें. पण आतां दर रविवारीं संध्याकाळीं आमच्यांपैकीं कोणी तरी फोन करतो, आणि त्या बोलण्यांत थोडी तरी कुरकुर झाल्यावांचून राहत नाहीं. मागचे दोन्ही टायर मीं परत येतांच एकाच दिवशीं बदलून टाकले.